चौकातला अपूर्ण वर्तमानकाळ

व्याकरण शिकवायला स्वयंपाकघर निवडलं, तिथंच एव्हेलिओ फसले. दुसरा इलाज नव्हता म्हणा. बैठकीच्या खोलीत पुस्तकं होती, म्हणजे कपाटात होती, कपाटावर होती, जमिनीवर होती आणि एक सोडून सगळ्या खुर्च्यांवर होती. त्या एका खुर्चीवर स्वतः एव्हेलिओ असायचे. झोपायच्या खोलीत परक्या बाईला वही घेऊन बसवायचं, तर स्पेनमधल्या पालेन्सियासारख्या गावात त्यापेक्षा सरळ वर्तमानपत्रात जाहिरात दिलेली बरी. उरलं स्वयंपाकघर. तिथं एक टेबल होतं, दोन स्टुलं होती आणि चौकात उघडणारी खिडकी होती.

हा चौक म्हणजे इमारतीच्या पोटात वरपासून खालपर्यंत पाडलेलं एक चौकोनी भोक. उजेडासाठी पाडलेलं, असं बांधणारा म्हणाला असेल. प्रत्यक्षात तिथून उजेड कमी आणि बातम्या जास्त येत. आठही घरांची स्वयंपाकघरं या चौकात उघडायची, आठही घरांचे कपडे याच चौकात कप्पीच्या दोऱ्यांवर वाळायचे, आणि पहिल्या मजल्यावर कोणी शिंकलं तर चौथ्या मजल्यावरून ‘बरं वाटो’ ऐकू यायचं. एव्हेलिओ बत्तीस वर्षं इथं राहत होते, पण त्यांचा स्वतःचा आवाज त्या चौकात कधी पडला नव्हता. ते शिंकायचेसुद्धा रुमालात.

विद्यार्थिनीचं नाव एतेरी. जॉर्जियाची, वय बावन्न, तिसऱ्या मजल्यावरच्या लेओकादियाबाईंना सांभाळायला राहिलेली. दहा वर्षं या देशात काढली, पण क्रियापद म्हणून तिच्याकडं एकच रूप होतं, शब्दकोशात असतं ते. ‘‘म्हातारी सूप खाणे नाही. मी रागावणे. म्हातारी हसणे.’’ इमारतीत कोणाचं यावाचून अडलं नव्हतं. उलट सगळी इमारतच तिच्याशी तसं बोलायला लागली होती. कसाईसुद्धा विचारायचा, ‘‘एतेरी, आज कोंबडी नेणे?’’

अडलं ते परीक्षेत. नागरिकत्वाच्या अर्जाला भाषेची परीक्षा लागते. वाचणं झालं, लिहिणं झालं, तोंडी परीक्षेत मात्र एक फोटो पुढं ठेवतात आणि विचारतात, यातली माणसं काय करत आहेत? एतेरी म्हणाली होती, ‘‘बाई बसणे. माणूस पिणे.’’ असं दोनदा झालं. तिसरी खेप चोवीस मेला होती. आणि इटलीतल्या बारी गावात तिच्या बहिणीनं एक घर बघून ठेवलं होतं. तिथल्या म्हाताऱ्याला बाई हवी होती आणि भाषेची फिकीर नव्हती, कारण तो म्हातारा कोणाशीच बोलत नव्हता. या खेपेला जमलं नाही, तर एतेरी बारीला जाणार होती.

हे सांगायला लेओकादियाबाई अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या वयात काठी टेकत एक मजला उतरून आल्या आणि काठीनंच त्यांनी दार वाजवलं.

‘‘एव्हेलिओ, तुम्ही वर्तमानपत्रात होता ना?’’

‘‘मुद्रितं तपासायचो.’’

‘‘काय?’’

‘‘मुद्रितं! तपासायचो!’’

‘‘तेच ते. पोरीला शिकवा. ती गेली तर मी मरेन. आणि मी मेले तर तुम्हाला सुखानं वाचू देणार नाही, सांगून ठेवते.’’

एव्हेलिओंना नाही म्हणता येत नसे. म्हणता आलं असतं तर आयुष्यात पुष्कळ गोष्टी टळल्या असत्या, पण तो वेगळा विषय. चाळीस वर्षं त्यांनी लोकांच्या चुका काढल्या होत्या. बरोबर काय, ते मोठ्यानं सांगायची वेळ कधी आली नव्हती. त्यातून शिकवायचं होतं नेमकं तेच रूप, ज्याला स्पॅनिश व्याकरणात हेरुंदिओ म्हणतात. करत, जात, खात, झोपत, असं चालू असलेलं काम सांगणारं. आणि या रूपाशी एव्हेलिओंचा संबंध पोलिसाचा गुन्हेगाराशी असतो तसा होता. ‘मोटार उलटली, चालक दोन तासांनी रुग्णालयात मरत’ असं वार्ताहर लिहायचे. पुढं घडलेली गोष्ट या रूपात सांगता येत नाही, पण वार्ताहरांना घाई असायची. चाळीस वर्षं एव्हेलिओंनी लाल पेन्सिलीनं अशा चालकांना वेगळ्या वाक्यात नेऊन मारलं होतं. हे रूप चुकीचं कुठं असतं ते त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. बरोबर कुठं असतं, ते आठवायला त्यांना दोन दिवस लागले.

पहिला धडा मात्र झकास झाला. क्रियापदाची ‘आर’ ही शेपटी कापायची आणि तिथं ‘आंदो’ लावायचं. शेपटी ‘एर’ किंवा ‘इर’ असेल तर ‘इएंदो’. मग त्याला ‘असणे’चं रूप जोडायचं की झालं, करत आहे. काही क्रियापदं खोडकर असतात. ‘झोपणे’ घ्या, हे कुशीवर वळलं की पोटातला स्वर बदलतं. ‘वाचणे’ला मध्ये एक जास्तीचं अक्षर घुसवून घ्यायची खोड आहे. एतेरीनं साठ क्रियापदं वळणदार अक्षरात लिहून काढली. एकही चूक नव्हती. एव्हेलिओंनी वही तीनदा तपासली आणि त्यांना थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटलं.

‘‘शाब्बास. आता सांगा, तुम्ही काय करत आहात?’’

‘‘मी लिहिणे,’’ एतेरी म्हणाली.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी एव्हेलिओंनी वैतागून खिडकीकडं बोट दाखवलं. खाली पहिल्या मजल्यावर प्रुदेन्सियाबाई कढईपाशी उभ्या होत्या.

‘‘त्या बघा. त्या काय करत आहेत?’’

‘‘तळणे.’’

‘‘आत्ता, या क्षणी, तुमच्या डोळ्यांसमोर. तळ...?’’

एतेरीनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं.

‘‘प्रुदेन्सियाबाई तळत आहेत!’’

दहा वर्षं बहिऱ्या म्हातारीशी बोलून बोलून एतेरीचा आवाज तसाच घडला होता. ते वाक्य खालच्या फरशीवर आपटलं आणि चौथ्या मजल्यापर्यंत उसळून आलं. खाली तळणं थांबलं.

पण एतेरी आता थांबणार नव्हती. ‘‘कासिल्दाबाई कपडे वाळत घालत आहेत! वर बाल्बिनो झोपत आहेत! तोंड उघडं! म्हणजे... तोंड उघडून झोपत आहेत!’’ ती मागं वळून बघायची, एव्हेलिओ मान डोलवायचे. त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच कोणीतरी त्यांच्यासमोर काही शिकत होतं, आणि त्या आनंदात चौकाचं त्यांना भानच राहिलं नाही.

‘‘फर्मिन सिगारेट ओढत आहेत!’’

फर्मिन म्हणजे प्रुदेन्सियाबाईंचे यजमान. न्हाणीघराच्या छोट्या खिडकीत त्यांची दोन बोटं आणि धुराची एक रेघ दिसत होती. पाच महिन्यांपूर्वी त्यांनी बायकोसमोर देवळात शपथ घेऊन सिगारेट सोडली होती.

चौकात फक्त कप्पीची दोरी कुरकुरली.

‘‘काय करत आहे?’’ प्रुदेन्सियाबाईंचा आवाज आला.

‘‘ओढत आहेत,’’ एतेरीनं नीट, सावकाश सांगितलं आणि मागं वळून विचारलं, ‘‘मास्तर, बरोबर?’’

निर्दोष वाक्याला चूक म्हणणं एव्हेलिओंना जन्मात जमलं नसतं. ‘‘बरोबर,’’ ते म्हणाले.

खाली एक थाळी फुटली.

दुसऱ्या दिवसापासून लिफ्टमध्ये शिरणं अवघड झालं. फर्मिन भेटले, ते म्हणाले, ‘‘काय मास्तर, जिवंत माणसांवर प्रयोग चाललेत? आधी उंदरांवर करतात म्हणे.’’ बाल्बिनो रेल्वेतून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचं म्हणणं, परदेशी माणसाला पहिल्यांदा नद्या शिकवाव्यात, व्याकरण आपोआप येतं. बेकरीवाल्याच्या मते गाणी म्हणून घ्यावीत. लेओकादियाबाई म्हणाल्या, ‘‘मला कुठं व्याकरण येतंय? तरी सत्तावन्न वर्षं नवऱ्याशी भांडले, एकदा हरले नाही.’’ एव्हेलिओ प्रत्येकाला ‘विचार करतो’ म्हणायचे आणि खरंच विचार करायचे. आपण कुठंतरी चुकतोय, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. कुठं, एवढंच ठरत नव्हतं.

बुधवारी लिफ्टच्या दारावर नोटीस लागली. आमच्या इमारतीत, म्हणजे इथल्या सगळ्याच इमारतींत, सोसायटीचं अध्यक्षपद पाळीपाळीनं येतं. ज्याची पाळी येते तो वर्षभर तोंड लपवून हिंडतो. कासिल्दाबाईंनी मात्र यंदा पाळी आल्या आल्या रबरी शिक्का करून घेतला होता. नोटिशीत लिहिलं होतं: तातडीची मीटिंग, शुक्रवार, पहिलं बोलावणं सात वाजता, दुसरं बोलावणं साडेसात वाजता. विषय एक: दुसऱ्या मजल्यावर डावीकडच्या घरातून रहिवाशांच्या खाजगी आयुष्याची होणारी जाहीर घोषणा, आणि सदर वर्ग बंद करणे. विषय दोन: जिन्यातला दिवा.

परीक्षेला नऊ दिवस होते. एतेरीला खिडकीपासून हलवली की ती पुन्हा ‘बसणे-पिणे’वर येत होती, हे त्यांनी बैठकीच्या खोलीत, पुस्तकांच्या ढिगावर तिला बसवून, पडताळून पाहिलं होतं. वर्ग बंद म्हणजे बारी.

त्यांनी नोटीस पुन्हा वाचली. आणि तिसऱ्या ओळीत ते दिसलं. तोच गुन्हेगार, तेच रूप, भलत्या जागी, शिक्क्याच्या अगदी शेजारी. एव्हेलिओंनी इकडं बघितलं, तिकडं बघितलं. ते स्वतःला म्हणाले, एव्हेलिओ, ही वेळ नव्हे. मग त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि अगदी बारीक, नम्र अक्षरात दुरुस्ती केली. ते हात मागं घेत होते तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं, आणि आत कासिल्दाबाई उभ्या होत्या.

‘‘माझ्याच नोटिशीला गुण देताय?’’ त्या म्हणाल्या. ‘‘किती दिले?’’

शुक्रवारी एव्हेलिओंनी निळा कोट घातला, चार पानी भाषण खिशात ठेवलं आणि घडीची खुर्ची काखेत मारून ठीक सात वाजता ते तळमजल्यावर दाराशी जाऊन बसले. बत्तीस वर्षांत ते एकाही मीटिंगला गेले नव्हते. दर वेळी आपलं मत ते लेखी, सुवाच्य अक्षरात, दुसऱ्या कोणाच्या तरी हवाली करायचे. सात वाजून पाच मिनिटं झाली, कोणी आलं नाही. सात दहा, सात वीस. तिसऱ्या पानावरचं एक वाक्य त्यांना खटकत होतं, ते त्यांनी खोडलं, मग परत लिहिलं. सात पंचवीसला त्यांच्या छातीवरचा दगड सरकला. लोकांनी विषय सोडून दिला होता तर! शेवटी शेजारीच ते. एव्हेलिओंनी खुर्ची मिटली आणि जवळजवळ गुणगुणत ते वर गेले.

स्वयंपाकघरात एतेरी वही उघडून बसली होती. ‘‘मीटिंग?’’

‘‘कोणी आलंच नाही.’’

एतेरीनं त्यांच्याकडं असं बघितलं, जसं ती सूप न खाणाऱ्या म्हातारीकडं बघत असावी. ‘‘मास्तर, तुम्ही पहिलं बोलावणे जाणे? पहिलं कोणी जाणे नाही! सगळे दुसरं जाणे! किती वर्षं इथं राहणे?’’

‘‘बत्तीस,’’ एव्हेलिओ म्हणाले.

आणि खालून खुर्च्या सरकवल्याचे आवाज आले. तळमजल्याचं मागचं दार चौकातच उघडायचं आणि मे महिन्यात ते सताड उघडं असायचं. एकेक खुर्ची, एकेक खोकला वर येऊ लागला. आता खाली जायचं म्हणजे सगळ्यांच्या माना वळणार. एव्हेलिओ खिडकीखाली स्टुलावर, दिसणार नाही असे, अंग चोरून बसले. स्वतःवरचा खटला आपल्याच स्वयंपाकघरात लपून ऐकण्याची वेळ फार थोड्यांवर येते.

एतेरी मात्र खिडकीच्या चौकटीला लागून उभी राहिली. ‘‘कासिल्दाबाई कागद वाचत आहेत,’’ ती कुजबुजली. ‘‘तुमची पेन्सिल दाखवत आहेत. सगळे मान हलवत आहेत.’’ एव्हेलिओंनी डोळे मिटले. वाक्यं बिनचूक होती, हीच तेवढी दुःखात सोय.

मग प्रुदेन्सियाबाईंचा आवाज चढला. ‘‘मला एकच विचारायचंय. ‘तळत आहेत, तळत आहेत, तळत आहेत!’ अख्खा आठवडा! मी काय जन्मभर तळतच असते? मंगळवारी मी नातीचा स्वेटर विणत होते, चांगली खिडकीत बसून. तेव्हा नाही कोणाचं लक्ष गेलं!’’

‘‘आणि मी झोपत नसतो,’’ बाल्बिनो म्हणाले. ‘‘मी विचार करत असतो. डोळे मिटून.’’

‘‘तोंड उघडून,’’ कोणीतरी म्हणालं.

‘‘मुद्द्यावर या!’’ कासिल्दाबाई. ‘‘मी या इमारतीची अध्यक्ष आहे. शिक्का आहे माझ्याकडं. आणि माझ्याबद्दल चौकात काय सांगितलं जातं? ‘कपडे वाळत घालत आहेत!’ तेही त्या दिवशी, ज्या दिवशी जुने कपडे होते!’’

‘‘पण माझं काय?’’ फर्मिन कळवळले. ‘‘बंद करायचं ठरलं होतं ना? माझ्या घरात पाच दिवस...’’

‘‘तू गप्प बस,’’ प्रुदेन्सियाबाई म्हणाल्या. ‘‘तू ओढतच होतास. पोरीनं खोटं काय सांगितलं?’’

तेवढ्यात काठी फरशीवर आपटली. लेओकादियाबाईंना मीटिंगमधलं निम्मं ऐकू आलं नव्हतं, पण बोलायचं ते त्या घरून ठरवून आल्या होत्या. ‘‘माझ्या घरात राहते! माझ्याच मजल्यावरून रोज खाली जाते! आणि माझ्यावर एक वाक्य नाही! सगळ्या इमारतीला वाक्यं, मी काय मेले?’’

खाली गोंधळ झाला. एतेरी एव्हेलिओंकडं वळली. ‘‘मास्तर,’’ ती अगदी हळू म्हणाली, ‘‘ते वर्ग बंद करत नाहीत. ते... भांडत आहेत. कोण आधी.’’

सोमवारी सकाळी लिफ्टच्या दारावर वेळापत्रक होतं, शिक्क्यासकट. संध्याकाळी सहापासून दर दहा मिनिटांनी एक घर, जिने झाडण्याच्या पाळ्या असतात त्याच क्रमानं; सदर वेळी रहिवाशानं खिडकीत हजर राहून एक काम करत असावं, काम सभ्य असावं. ठराव मंजूर, एक मत तटस्थ. ते मत फर्मिनचं होतं. तिसऱ्या ओळीत या वेळी चूक नव्हती. एव्हेलिओंना ते वाचून हायसं वाटलं आणि जरा एकटंही.

तसा आठवडा चौकानं पूर्वी पाहिला नव्हता. कासिल्दाबाई केस करून आल्या आणि ताठ मानेनं कागदांवर सह्या करत राहिल्या. प्रुदेन्सियाबाई विणत होत्या. आत करपल्याचा वास येत होता, पण त्या कढईकडं फिरकल्या नाहीत. लेओकादियाबाईंनी वरच्या खिडकीत खुर्ची मांडली आणि आपल्या दहा मिनिटांत त्या वीस गोष्टी करायच्या. मटार सोलत, जपमाळ ओढत, दिवंगत नवऱ्याच्या फोटोवर ओरडत. बाल्बिनो टाय बांधून जाड पुस्तक वाचत बसले. पुस्तक रेल्वेच्या सुट्या भागांची यादी होती, हे एव्हेलिओंनी लांबून ओळखलं, पण बोलले नाहीत.

एतेरी बोलली. ‘‘बाल्बिनो वाचत नाहीत, मास्तर. पान उलटत नाहीत. वाचायचं... कसं म्हणायचं? खोटं-खोटं?’’

‘‘नाटक. वाचायचं नाटक करत आहेत.’’

‘‘बाल्बिनो वाचायचं नाटक करत आहेत!’’

‘‘वाचतोय!’’ वरून आवाज आला, आणि एक पान रागानं उलटलं गेलं.

चोवीस मेला एव्हेलिओ तिच्याबरोबर गेले. परीक्षा शाळेत होती, ते समोरच्या कॅफेत बसले. तीनदा कॉफी मागवली, तिन्ही कप निवून गेले. आपण तिला ‘वाट बघणे’ शिकवलं नाही, हे त्यांना दुसऱ्या कपाला आठवलं. ‘पोहणे’ही राहिलं होतं. फोटोत समुद्र निघाला म्हणजे संपलं.

एतेरी बाहेर आली ती लालबुंद होऊन.

‘‘काय होतं फोटोत?’’

‘‘कचेरी. चार माणसं, एक संगणक. सगळे हसत आहेत.’’

‘‘मग?’’

‘‘मी म्हटलं, ते काम करत नाहीत. काम करायचं नाटक करत आहेत. बाई पडद्याकडं बोट दाखवत आहे, पण पडदा बंद. हा माणूस हसत आहे, पण त्याला घरी जायचं आहे. आणि ती मागची, ती सगळं ऐकत आहे आणि संध्याकाळी सगळ्यांना सांगणार.’’

एव्हेलिओंनी टेबल धरलं. ‘‘आणि परीक्षक?’’

‘‘हसत होते. एक तर पाणी पिताना हसली, कागद ओला झाला. मग विचारलं, किती दिवस इथं आहात? मी म्हटलं, दहा वर्षं राहत आले आहे.’’

हे रूप त्यांनी तिला एकदाच, जाता जाता सांगितलं होतं. एव्हेलिओ मनातल्या मनात ते वाक्य म्हणत घराकडं निघाले. पण घरी येईपर्यंत शंकेनं त्यांना गाठलं होतं. परीक्षक हसले म्हणजे काय? हसण्याचे गुण मिळतात की जातात? ओला झालेला कागद गुणांचाच असला तर?

निकालाला दोन महिने लागले. चौकातून रोज कोणीतरी विचारायचं. बारीची बहीण दर रविवारी फोन करायची. म्हातारा जुलैअखेरपर्यंत थांबेल म्हणायची. फर्मिननीसुद्धा विचारलं, लिफ्टमध्ये, दुसरीकडं बघत: ‘‘झालं का काही त्या बाईचं?’’

अर्जावर ईमेलचा पत्ता एव्हेलिओंचा दिला होता, त्यामुळं निकाल त्यांच्या संगणकावर आला, जुलैच्या एका दुपारी. एतेरी टेबलाशी बसली होती. त्यांनी निकाल उघडला आणि वाचला. मग पुन्हा वाचला, नाव, जन्मतारीख, अंक, शब्द. चाळीस वर्षं छापील मजकुरात चूक सापडावी म्हणून ते वाचत आले होते. आज पहिल्यांदा, ती सापडू नये म्हणून वाचत होते. तिसऱ्या वाचनालाही शब्द तोच राहिला: उत्तीर्ण.

त्यांनी संगणक एतेरीकडं वळवला. तिनं वाचलं आणि हात तोंडावर ठेवला. हाक आली ती वरून, लेओकादियाबाईंची. आठही खिडक्या उघड्या होत्या. प्रत्येकीत एकेक कान लागलेला होता.

‘‘एतेरी! काय झालं गं? मास्तर काय करत आहेत?’’

एतेरी खिडकीशी गेली.

‘‘रडत आहेत!’’

एव्हेलिओंनी सवयीनं वाक्य तपासलं. चूक नव्हती.